लादीनीचा दुसरा सूर

या लेखाला होकार मी दिलेला नाही, पापांनी दिला. मार्चमध्ये संपादकांचा फोन आमच्या घरी आला तेव्हा मला न विचारताच त्यांनी सांगून टाकलं, "लिहील ती. मे महिन्यात येते, तेव्हा बसवतो तिला लिहायला." नंतर मला म्हणाले, "तुझा काम काय ता एकदा लोकांका समजाय. माका तरी खंय समाजला हा!"

एप्रिलच्या शेवटी पापा गेले. मी आले ती ठरल्यापेक्षा आधीच, आणि आता बसवायला कोणी नाही. दोन ओळी लिहून उठते. ओट्यावर वाळत घातलेली आमसुलं उलटते, विहिरीपर्यंत जाते, परत येते. मागच्या आठवड्यात कट्टा गावच्या बाजारात साखर आणायला गेले होते. समोर कसालची गाडी उभी दिसली, चढले. कसालला उतरून चहा प्यायले आणि तीच गाडी परत निघाली तिच्यात बसून घरी आले. साखर राहिली. गुरुवारचं परतीचं तिकीट आहे आणि लेख त्याआधी जायला हवा, म्हणून आज उठायचं नाही असं ठरवलं आहे.

मी बावीस वर्षं नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला राहते. टेनर सॅक्सोफोन वाजवते आणि आठवड्यातले चार दिवस शिकवते. जे वाजवते त्याला जॅझ म्हणतात. आमच्या शेजारचे नाना भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना एकदा मी हे काम समजावून सांगितलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं एक गाणं घ्यायचं. ते एकदा सरळ वाजवायचं. मग गाण्याचा सांगाडा तेवढा चालू ठेवून एकेकाने पाळीपाळीने त्यावर आपल्या मनचं, तिथल्या तिथे रचत वाजवायचं. बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं. शेवटी पुन्हा सगळ्यांनी मिळून मूळ गाणं.

नाना म्हणाले, "म्हणजे डबलबारीच ही. फक्त तुमी एकमेकाक टोमणे मारणास नाय." डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा, गाण्यातून एकमेकांना टोमणे मारत चालणारा सामना.

"मारतंव," मी म्हटलं. "पण वाजवन मारतंव."

यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

लोकांना वाटतं परदेशात वाजवणं म्हणजे मोठी सभागृहं आणि झगझगीत दिवे. बहुतेक काम दुपारचं असतं आणि भलत्याच जागी असतं. एका गृहस्थांनी साठाव्या वाढदिवसाला आम्हाला कालव्यातल्या होडीवर बोलावलं. तिथले पूल इतके ठेंगणे, की प्रत्येक पुलाखाली आमच्या वादकाला तो माणसाएवढा उंच डबल बास आडवा करावा लागे आणि त्याच्याबरोबर स्वतःही आडवं व्हावं लागे. अकरा पूल होते. पठ्ठ्याने एकदाही ताल सोडला नाही. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि बाराव्या पुलाची मागणी झाली.

दुसरी गोष्ट सांगायची तर थोडी लाजच वाटते. तिकडे जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा एका महोत्सवाच्या लोकांनी सांगितलं, "तुमच्या भारतातलं काहीतरी वाजवा. प्राचीन." मी मालवणजवळच्या ख्रिस्ती वाडीतली मुलगी. शास्त्रीय संगीत मी रेडिओवर ऐकलं तेवढंच. सॅक्सोफोन शिकले तो वाडीच्या बँडमध्ये, लग्नाच्या वरातीत हिंदी गाणी वाजवत. वेळ आली तेव्हा डोळे मिटले आणि लादीनीची चाल धरली.

लादीन म्हणजे मेरीमातेची प्रार्थना. आमच्या वाडीच्या खुरसापाशी, म्हणजे वाटेवरच्या त्या पांढऱ्या क्रुसापाशी, दर मे महिन्यात तिन्हीसांजेला ती होते. भाषा लॅटिन. ती आमच्यात कुणालाच येत नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. बायकांच्या वह्यांत ती देवनागरीत उतरवलेली आहे. एकीने मातेचं एक नाव गायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर तेच, पन्नासेक वेळा. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात आलं की मी हजार वर्षं जुना संध्याकाळचा राग वाजवला. मी दुरुस्ती केली नाही. उलट ती चाल माझी ओळखच होऊन बसली. अजूनही कार्यक्रमात लोक ती मागतात.

पापांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले. "गो, लॅटिन ता! पोर्तुगीज पाद्रींनी आणलेला!" मग विचारलं, "आणि दुसरो सूर कोण वाजयता तुझ्या वांगडा?" वांगडा म्हणजे बरोबर, सोबतीने.

"आमचो पियानोवालो. तेका सुचात ता वाजयता."

"असा," पापा म्हणाले.

पापा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि चाळीस वर्षं चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत होते. लादीनीत पहिला सूर गातात बायका. त्यांची पुढारी माझी मादीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची माझी धर्ममाता. दुसरा सूर तिच्याखालून चालतो आणि तो असायचा पापांच्या व्हायोलिनवर. तो लिहिलेला नव्हता. लहानपणी मी मादीनीच्या बाजूला उभी राहून पहिला सूर गायचे. त्याच सुरावर पुढे परदेशात नाव मिळवलं. दुसऱ्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

आता माझ्या शिकवण्याविषयी सांगते, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

दर मंगळवारी सकाळी माझ्याकडे निवृत्त लोकांचा गायनाचा वर्ग असतो. दहा-बारा जण. त्यांची एकच अडचण, गाता गाता सगळ्यांचा सूर खाली उतरतो. हे कुठल्याही गाणाऱ्या घोळक्याचं होतं. श्वास कमी पडतो, गळा थकतो, माणसं नकळत किंचित खाली जातात. प्रत्येक कडव्यात केसभर म्हटलं तरी गाणं संपेतो बरंच अंतर पडतं. मी प्रत्येक कडव्यानंतर थांबवून पियानोवर मूळ स्वर दाबते. "वर या. इथे आहे स्वर. वर या."

त्या वर्गात हेंड्रिक नावाचे एक जुने दंतवैद्य होते. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, "पण आम्ही सगळे बरोबरच खाली जातो ना? मग त्रास कुणाला होतो?"

मी म्हटलं, "पियानोला होतो."

वर्ग हसला. हेंड्रिकही हसले. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा सांगितलं असेल, हंशा हमखास. हेंड्रिक गेल्या वर्षापासून वर्गाला येत नाहीत. कारण मी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पापा म्हणाले, "माझी बोटा आता आखडतत. दुसरो सूर मी फोनवर वाजवन धाडतंय. तू लिवन ठेव." मग दर रविवारी एकेक तुकडा येऊ लागला. ओट्यावर एकटे बसून वाजवलेला, मागे कावळे आणि कुणाची तरी मोटारसायकल. चार रविवारी चार तुकडे आले. पाचव्या रविवारी लादीनीचा मुख्य भाग आला, तेच पन्नास वेळा उत्तर देण्याचा. मी तो दोन वर्गांच्या मधल्या वेळात ऐकला आणि संदेश पाठवला, "पापा, छान. पण मधल्यापासून सूर उतरतोय. तारा तपासा."

त्यांचं उत्तर आलं, "होय. उतरता."

सहाव्या रविवारी काही आलं नाही, आणि त्यानंतरही नाही. हे माझ्या लक्षात आलं ते एप्रिलमध्ये विमानात बसून, फोनवर जुने संदेश मागे मागे नेत असताना. आमच्यात बोलणं होतच होतं, पाणी, आंबे, दाढदुखी, सगळं. फक्त ते तुकडे थांबले होते आणि मी ते विचारलं नव्हतं.

पापांना पुरल्यानंतर आठवडाभराने मादीन घरी आली. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पण वाडीत तिच्या आवाजावर अजून कोंबडे गप्प होतात. म्हणाली, "ह्या वर्सा लादीन होतली. सुतक म्हणान खुरीस उपाशी ठेवचो नाय. पण दुसरो सूर होयो. नायतर आमी पाच-सात म्हाताऱ्यो नुसत्यो बोंबलतलंव. तो गेलो, वांगडा सूर पण गेलो असा होवक नको."

"मी वाजयतंय," मी म्हटलं.

मला त्यात अवघड काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्याकडे पापांचे पाच तुकडे होते, कान होता, आणि बावीस वर्षांचा सराव होता. व्हायोलिन लहानपणी पापांनीच शिकवलं होतं. पाच-सहा दिवसांत हात बसला. दोन दिवस खपून मी तो सगळा दुसरा सूर कागदावर उतरवला. उतरवताना साफही केला. पापांचा सूर पाचव्या-सहाव्या उत्तरापासून हळूहळू खाली जात होता. शेवटापर्यंत तब्बल एक अख्खा स्वर खाली. वय झालं होतं, बोटं आखडलेली. मी तो शेवटपर्यंत एका पातळीवर आणला. शिवाय त्यांनी सुरुवात एका अडचणीच्या पट्टीत केली होती. व्हायोलिनला मोकळ्या तारा चार, पाश्चात्त्य सरगमातल्या 'सोल', 'रे', 'ला' आणि 'मी' या स्वरांच्या. मोकळी तार म्हणजे बोट न ठेवता वाजणारी, सगळ्यांत गोड आणि मोठी. रेची पट्टी घेतली असती तर ती मोकळी तार सारखी कामी आली असती. पापांनी घेतली होती 'मी'ची, म्हणजे रेच्या एक स्वर वरची, तिथे शेवटचा स्वर दर वेळी रेच्या तारेवर बोट दाबून काढावा लागतो. खेड्यातली सवय, असं मनात म्हणून मी सगळं रेमध्ये आणलं. कागद फार सुंदर दिसत होता.

रविवारी चर्चमधल्या मिसानंतर बायका आमच्या ओट्यावर जमल्या. सुरुवात झाली. दहाव्या उत्तरापर्यंत ठीक. मग काहीतरी खरखरू लागलं, जसं दोन होड्या एकमेकींना घासतात. मी जोर केला. माझ्या बाजूने सूर पक्का होता. मी तो धरून ठेवला, मंगळवारच्या वर्गात धरते तसा. मधे बायकांना आधार म्हणून एका जागी छोटीशी सुरावट भरली, आमच्या धंद्याची सवय. विसाव्या उत्तराला दोघी थांबल्या. पंचविसाव्याला मादीन एकटी उरली, आणि मग तीही थांबली.

"गो बाय," ती म्हणाली, "तू खंय गेलंस? आमी हयच आसंव."

"मी खंयच जावक नाय. तुमी खाली गेलास."

"चाळीस वर्सा आमी खंय जावक नाय, ती आजच गेलंव?"

बायका हसल्या. मी हसले नाही. कागद दाखवला आणि म्हटलं, हे पापांचंच आहे, फोनवरून उतरवलेलं. मादीनने चष्मा न लावताच कागदाकडे बघितलं. "ह्या तुझा आसा. तेचा नाय."

त्या आठवड्यात मी दोनदा परत बसवून बघितलं. दोन्हीदा तेच. एकीने तर सरळ सांगितलं की यंदा व्हायोलिन नसलेलंच बरं, चाल तरी मोडणार नाही. ज्या चालीवर मी परदेशात टाळ्या मिळवल्या तीच माझ्यामुळे माझ्या वाडीत मोडत होती. कसालचा चहा तेव्हाचाच.

लादीनीच्या दोन दिवस आधी मादीन दुपारी आली. मी पापांची पुस्तकं झटकत होते. एका ओळीवर लक्ष लागत नव्हतं म्हणून झटकणं. ती म्हणाली, "तेनी फोनवर वाजवलेला आसा मां तुझ्याकडे? लाव."

मी पाचव्या रविवारचा तुकडा लावला. तिने फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवायला लावला, मला म्हणाली, "आता गप रव," आणि गायला लागली.

पन्नास उत्तरं ती पापांबरोबर गायली. एकदाही अडखळली नाही, एकदाही खरखर झाली नाही. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले होते की मागच्या कावळ्यांसकट ते एकच वाटत होतं. मी सूर मोजायचं छोटं यंत्र हातात धरून बसले होते, सवयीने. काटा खाली जात होता. मादीन उतरत होती. पापा उतरत होते. जिथे तिचा श्वास तुटे त्याच जागी पापांचा सूर केसभर खाली येई, आधी नाही, नंतर नाही. एकटा माणूस ओट्यावर बसून वाजवतो आहे, समोर गाणारं कुणी नाही, तरी त्याला ठाऊक आहे की मादीन कुठे थकते.

मी विचारलं, "तुका म्हायत होता, तुमी खाली येतास ता?"

"येवक काय झाला? दिसभर कामा करून इल्ली बायलमाणसा ती. दमतत," मादीन म्हणाली. "तो आमच्या वांगडा खाली येय. तू वरच रवतंस."

ती गेल्यावर मी तो कागद फाडला नाही, तसं नाट्यमय काही केलं नाही. त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं: पट्टी 'मी'. बायकांचा श्वास बघ. आणि दोन दिवस व्हायोलिनवर फक्त उतरायचा सराव केला. वाचताना सोपं वाटेल. बावीस वर्षं ज्या कानाने पोट भरलं, जो कान सूर केसभर हलला की दचकतो, त्याला सांगायचं की दचकू नकोस, सोड. पापांना "तारा तपासा" म्हणून सांगणारा तोच कान.

लादीनीच्या दिवशी खुरसाला चुना लागला, अबोलीचे हार आले. सूर्य माडांच्या मागे गेला तेव्हा मेणबत्त्या लावल्या. नाना आणि वाडीतले बाकीचे लोक दरवर्षीसारखे मागे बांधावर बसले. मी मादीनीच्या बाजूला उभी राहिले. लहानपणीचीच जागा, फक्त आता तिच्या डाव्या हाताला, पापा उभे राहत तिथे. मी पहिला स्वर दिला, पापांच्याच पट्टीत. मादीनने मान हलवली.

पहिली दहा उत्तरं मी वहीकडे बघितलं नाही, बायकांच्या खांद्यांकडे बघितलं. खांदा पडला की श्वास संपला. पहिल्यांदा सूर उतरला तेव्हा माझं बोट जागेवरच राहिलं आणि ती ओळखीची खरखर आली. मादीनने न बघता कोपर मारलं. मी बोट किंचित मागे सरकवलं. खरखर गेली. पुन्हा उतरला, पुन्हा सरकवलं. व्हायोलिनच्या दांडीवर सॅक्सोफोनसारख्या कळा नाहीत, खुणा नाहीत. बोट कुठेही जाऊ शकतं. हळूहळू मला बघावं लागेना. बायका दमत होत्या आणि माझं बोट मागे येत होतं. आपण उतरतो आहोत हे कुणाला कळत नव्हतं, कारण सगळ्यांच्या पायाखालची जमीनच बरोबर उतरत होती.

चाळिसाव्या उत्तराच्या पुढे माझं पहिलं बोट दांडीच्या अगदी टोकाशी आलं होतं, तारा जिथून सुरू होतात त्या लाकडी कडेला टेकत. मला भीती वाटली. अजून उतरल्या तर मी कुठे जाऊ? मागे जागा नव्हती. शेवटचं उत्तर आलं. सगळ्या बायका एकदम गायल्या, मोठ्याने, संपलं म्हणून. बोट ठेवायला काहीच उरलं नव्हतं. मी ते उचललं.

मोकळी रे वाजली. भरून, आपोआप, बायकांच्या सुरात बरोबर बसलेली. त्या तारेला माझी गरज नव्हती.

'मी'पासून 'रे'पर्यंत एक अख्खा स्वर. बायका दरवर्षी जेवढ्या उतरतात तेवढाच. त्या अडचणीच्या पट्टीत पापांनी पन्नास उत्तरं बोट दाबून काढली, ती शेवट या तारेवर यावा म्हणून. बायकांनी दमायचं किती हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मी ते साफ केलं होतं.

गज हातात तसाच धरून मी उभी होते. पोरंबाळं पुढे आली, उकडलेल्या चण्यांचा टोप उघडला, बांधावर मोठ्यांसाठी बाटली फिरू लागली. नाना तिकडून ओरडले, "कसली तुझी ती डबलबारी! आज कोणाकच टोमणो नाय!" मादीनने पानावर चणे आणि खोबऱ्याचे तुकडे घालून माझ्या पुढे धरले. मी व्हायोलिन खाली ठेवेपर्यंत ती तशीच थांबली.

"इलंस एकदाचा," ती म्हणाली. "खा."